मालनबाईचा शर्ट

रुचिभाभीनं मोबाइल नाकासमोर धरला तेव्हा ज्योत्स्ना एका नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर मोर काढत होती. त्या आठवड्यातला हा अकरावा मोर. घनसावंगीतल्या प्रत्येक नवरीला पाठीवर मोरच पाहिजे असतो, आणि प्रत्येकीला तो इतरांपेक्षा वेगळा पाहिजे असतो. ज्योत्स्नानं आतापर्यंत मान वळवलेला, पिसारा मिटलेला, पिसारा फुलवलेला, फांदीवरचा, ढगावरचा असे सगळे मोर काढून संपवले होते.

“हे बघ, मुंबईत काय चाललंय,” भाभी म्हणाली. “आपल्याला जमेल का असं?”

फोटोत एक काटकुळी मॉडेल उभी होती. अंगावर जड रेशमी साडी आणि साडीवरून पुरुषाचा सैल, लांब बाह्यांचा शर्ट. कमरेला फडकं, डोक्याला रुमाल. मागे कापसाची खोटी झाडं. मुंबईच्या एका मोठ्या डिझायनरचं हे नवं कलेक्शन, नाव ‘शिवार’. किंमत लाखाच्या वर. खाली लिहिलं होतं की गावाकडची कष्टकरी स्त्री नवऱ्याचा जुना शर्ट अंगावर घालते आणि त्याची माया पांघरून दिवसभर राबते.

“भाभी, हे बघायला मुंबईला कशाला जायचं?” ज्योत्स्ना म्हणाली. “सकाळी सातला आमच्या कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर उभ्या राहा. अशा बायकांचे टेम्पो भरभरून जातात.”

भाभी हसली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. सुरजमल शेठचं खाली कापडाचं दुकान, आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या या सुनेचं बुटीक. संभाजीनगरला फॅशन डिझाइनचा डिप्लोमा करून आलेली ज्योत्स्ना तिथं दोन वर्षांपासून नवरीमुलींना ब्लाउज कागदावर रंगवून दाखवायचं काम करत होती. रोज कुंभार पिंपळगावहून जीपनं यायची, जीपनं जायची. काम तिला येत होतं. तिचा हात चांगला आहे हे भाभीलाही माहीत होतं. फक्त मोर संपत नव्हते.

त्या आठवड्यात त्या ‘शिवार’वरून मोबाइलवर नुसता धुरळा उडाला होता. कुणी म्हणे, ही गरिबीची थट्टा आहे. कुणी म्हणे, थट्टा कसली, हा श्रमाचा सन्मान आहे. डिझायनरनं ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ अशी चार ओळींची माफी मागितली आणि त्या ‘असतील तर’वरून आणखी दोन दिवस भांडण चाललं. ज्योत्स्नानं सगळं वाचलं. तिला राग आला, पण वेगळ्याच गोष्टीचा. त्या मॉडेलच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. कापूस वेचताना कुणी बाह्या दुमडतं का? वाळलेल्या बोंडांची टोकं हाताला ओरखडतात म्हणून तर लांब बाह्या घालतात! आणि कमरेचं फडकं असं बांधलं होतं की त्यात कापूस सोडा, सुपारी राहिली नसती. इतके पैसे घेणाऱ्या माणसाला एकदा शेतात येऊन बघता आलं नाही?

रविवारी ती घरी कागद घेऊन बसली आणि समोरच्या घरातली मालनबाई तिनं काढली. मालनबाईला समोर बसवायची गरजच नव्हती. लहानपणापासून रोज सकाळी कामाला जाताना तिनं तिला पाहिलेलं होतं. पण काढली ती फॅशनच्या चित्रात बायका काढतात तशी. डोक्याच्या नऊपट उंचीची, लांबच लांब पायांची, हनुवटी वर, एक हात कमरेवर. निळसर शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. कमरेच्या फडक्याची ओटी बरोबर बांधलेली. चेहरा मात्र मालनबाईचाच, कपाळावरच्या व्रणासकट. मग कलेक्शनच्या कागदावर असतात तसे बाण काढून तिनं बारीक अक्षरात मजकूर लिहिला. ओटी: जुन्या साडीची. रुमाल: बहिणीनं दिलेला. शर्टाच्या बाणाशी तिनं लिहिलं, ‘नवऱ्याचा जुना शर्ट.’ खाली मोठ्या अक्षरात, ‘कलेक्शन: कापूस, कुंभार पिंपळगाव. रोज सकाळी सात ते संध्याकाळी सहा.’

चित्र तिनं आपल्या इन्स्टाग्रामवर टाकलं आणि आईला भाकरी थापायला मदत करायला गेली.

मंगळवारपर्यंत ते चित्र कुठल्या कुठं गेलं होतं. ओळखीच्या, बिनओळखीच्या लोकांचे फोन सुरू झाले. कुणी तिला वाघीण म्हणालं, कुणी मत्सरी म्हणालं. पुण्यातल्या एका बाईनं लांबलचक पत्र लिहिलं की कष्टकरी स्त्रीचे पाय असे लांब काढणं म्हणजे तिच्या शरीराची विटंबना आहे. दुसऱ्या एकानं विचारलं, मजूर बाई इतक्या तोऱ्यात उभी कशी दाखवली? जालन्याहून एका चॅनलवाल्यानं घरी येऊन माइक पुढं केला आणि विचारलं, “आपल्याला कसं वाटतंय?” ज्योत्स्ना बाह्यांबद्दल सांगायला लागली तर तो म्हणाला, “मॅडम, ते राहू द्या. डिझायनरला काय इशारा देणार?”

“मी कशाला इशारा देऊ? मी चित्र काढलंय.”

“तेच. चित्रातून काय इशारा?”

दुकानात सुरजमल शेठ जिना चढून वर आले. म्हातारे सहसा वर येत नसत. “बेटा, तुझं चित्र चांगलं आहे बिलकुल,” ते म्हणाले. “पण दुकानाचं नाव कुठं घेऊ नको. आमच्याकडे सगळ्या पार्टीचे लोक कापड घ्यायला येतात.” रुचिभाभीचं दुसरंच होतं. तीन नवऱ्या चौकशी करून गेल्या होत्या, शर्टासारखं काही मोराबरोबर करता येईल का म्हणून.

गावात तर विचारूच नका. गल्लीतल्या मंडळाचा प्रितम सत्काराच्या तयारीला लागला होता. डिजिटल बॅनर छापायला टाकलंसुद्धा. “ताई, तुम्ही फक्त या आन बसा,” तो म्हणाला. “बोलायचं आम्ही बगतो.” आणि दुसरीकडे शिवाजी सर संतापले होते. सर म्हणजे ज्योत्स्नाचे चुलते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. इस्त्री केल्याशिवाय त्यांनी कधी गावात पाय टाकला नाही. बुधवारी संध्याकाळी ते घरी आले आणि उभ्यानंच बोलले.

“माझ्या आईला लोक लुगड्यावरून ओळखायचे. कुठल्या वस्तीतली बाई हे लांबून कळायचं. स्वच्छ राहा, नीट कपडे घाला, असं आपल्याला सांगितलं गेलं ते काय उगाच? त्या कपड्यांतून बाहेर पडायला दोन पिढ्या गेल्या. आन तू शिकून सवरून आमची बाई जगाला दाखवलीस ती याच कपड्यात?”

“काका, पण त्या तशाच जातात ना कामाला. मी मान खाली घातलेली थोडीच काढली?”

“मान वर असू दे नाहीतर खाली. तुझी आई अंगणवाडीत आहे. तुझी आतेबहीण नर्स आहे. त्या नाही दिसल्या तुला?”

सरांचं सगळं चूक आहे असं ज्योत्स्नाला म्हणता येत नव्हतं, आणि बरोबर आहे असंही म्हणवत नव्हतं. आई बेबीनंदा चहा ठेवून मध्ये पडली तेव्हा सर चहा न घेताच गेले. जाताना म्हणाले, “शुक्रवारी विहारात ये. चार लोकांसमोर काय ते सांग.”

गुरुवारी डिझायनरच्या ऑफिसातून फोन आला. गोड आवाजाची मुलगी हिंदीत बोलत होती. आमच्या डिझायनर सरांना चित्र फार आवडलंय, त्यांना सोबत काम करायला आवडेल, तेच चित्र पुढच्या प्रदर्शनात लावू. फक्त कपाळावरचा व्रण काढता येईल का? आणि बाह्या जरा दुमडल्या तर बरं. ज्योत्स्नानं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. मग विचार करून सांगते म्हणाली, कारण मुंबईच्या फोनला एकदम नाही म्हणायची हिंमत होत नव्हती, आणि त्याचाही तिला राग आला.

शुक्रवारी संध्याकाळी उजेड असतानाच विहारात पंचवीस-तीस माणसं जमली. वंदना झाली. प्रितम बोलला, त्याला थांबवून सर बोलले, सरांना थांबवून आणखी कुणी बोललं. सगळे श्रम, सन्मान, अस्मिता असं बोलत होते. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि प्रत्येक मोबाइलवर मालनबाई होती, पण अर्ध्या तासात कुणी तिचं नाव घेतलं नाही. ज्योत्स्ना सतरंजीच्या कडेला बसून वाट बघत होती. तिला एकदा मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं की अरे, चित्राकडे बघा तरी!

तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि खुद्द मालनबाई आत आली. थेट शेतातून आलेली. अंगात तोच निळसर शर्ट, बाहीला कापसाचे धागे लागलेले. तिनं बुद्धाच्या मूर्तीला हात जोडले, मग वळली.

“माझं चित्र कोणी काढलंय मनं?”

सगळे एकदम ज्योत्स्नाकडे बघायला लागले. चार दिवस तिच्या बाजूनं बोलणारा प्रितमसुद्धा.

“मी काढलं, मावशी,” ज्योत्स्ना उठून म्हणाली.

“दाखव.”

मालनबाईकडे साधा बटणांचा फोन. सकाळी सातला जाणार, अंधार पडायच्या बेताला येणार. तिनं चित्र पाहिलंच नव्हतं. ज्योत्स्नानं मोबाइल दिला. मालनबाईनं तो लांब धरला, जवळ धरला.

“पाय काहून इतके लांब?”

“फॅशनच्या चित्रात असेच काढतात, मावशी. उंच दिसायला.”

“ऱ्हाऊ दे. बरे दिसून राह्यलेत.” मग तिनं बोट ठेवलं. “हितं काय लिवलंय? सर, तुमी वाचा. बारीक हाये लई.”

सरांनी चष्मा चढवला. “नवऱ्याचा जुना शर्ट.”

“कोणत्या नवऱ्याचा?”

मागं कुणाला तरी खोकला आला.

“न्हाई, सांगा ना. कोणत्या नवऱ्याचा?” मालनबाईचा आवाज चढला. “रामकिसन जालन्याला निघून गेल्ता त्याला नऊ वर्षं झाली. चार शर्ट व्हते, चारी घेऊन गेला. चड्डी-बनियन सुदीक ठेवली न्हाई त्या माणसानं. हा शर्ट माझा हाये! बाजारातून घेतलाय. दोन बगितले, एकाची बटनं कच्ची व्हती, मंग हा घेतला. रंग म्या पसंत केला. खिसा खोल हाये का, हात घालून बगितला.”

“मावशी, ते प्रतीक असतं,” प्रितम समजुतीनं म्हणाला. “नवऱ्याचा म्हंजे—”

“तू गप बस. तुला माहीत हाये का आज दुपारी काय झालं? त्याचा फोन आल्ता. रामकिसनचा. नऊ वर्षांत फोन न्हाई, आन आज रडून राह्यला व्हता. मनला, मालन, तू अजून माझा शर्ट जपून ठिवलास. मनला, मोबाइलवर बगितलं, कंपनीतल्या लोकांनी दाखवलं. रविवारी येतो मनतो!”

दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मालनबाई मात्र हसत नव्हती. कपाळाला आठ्या घालून ती ज्योत्स्नासमोर उभी होती, थकलेली आणि वैतागलेली.

“आन सर,” ती वळली, “तुमी दोन दिस झाले माझ्या इज्जतीवर बोलून राह्यलेत मनं. आपल्या मधी चार घरं हायेत. आलात का एकदा विचारायला?”

सर चष्मा पुसत बसले.

त्या डिझायनरच्या बाह्यांवरून ज्योत्स्नानं इतका त्रागा केला, ओटीच्या गाठीवरून केला, आणि ते एक वाक्य मात्र त्याच्याच मजकुरातून उचलून आपल्या बाणाखाली लिहून टाकलं. तेही मालनबाईच्या घरासमोर राहून. रामकिसन गेला तेव्हा ती शाळेत शिकत होती. त्याचा टेम्पो गल्लीतून निघताना तिनं पाहिला होता. तरीही तिच्या हातानं ‘नवऱ्याचा’ असंच लिहिलं, कारण बाण काढला की काहीतरी लिहावं लागतं आणि ते ऐकायला बरं वाटत होतं.

“चुकलं, मावशी,” ती म्हणाली. “आत्ता बदलते.”

“बदल. आन त्याला तूच सांग. तू बोलावलंस, तूच परत पाठव.”

सभा तिथंच मोडली. दोघी ज्योत्स्नाच्या घराच्या पायरीवर बसल्या. मालनबाई सांगत गेली आणि ज्योत्स्ना लिहीत गेली. ‘आधीच्या चित्रात माझी चूक झाली. हा शर्ट मालनबाईचा स्वतःचा आहे. त्यांनी तो बाजारातून निवडून घेतला. नवऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही.’ मालनबाईनं शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग तिनं आपला फोन काढला, नंबर लावला आणि ज्योत्स्नाच्या हातात दिला.

“दादा, मी ज्योत्स्ना बोलतेय. ते चित्र मी काढलंय. त्यात माझं चुकलं. शर्ट तुमचा नाही.”

पलीकडून रामकिसननं विचारलं, “मंग कोणाचा हाये?”

“त्यांचाच आहे. बाजारातून आणलाय.”

“बाजारातून आणलाय ते बराबर. पण माणूस कोण हाये?”

“माणूस नाही हो! शर्ट आहे!”

“पुरुषाचा शर्ट हाये ना? मंग पुरुष कोण?”

ज्योत्स्नानं डोळे मिटून घेतले. मालनबाईनं फोन ओढला. “माझ्या मापाचा शर्ट हाये, माझा हाये. रविवारी आलास तं दाराला कुलूप दिसन. मी वेचणीला जाणार हाये.” तिनं फोन बंद केला आणि बेबीनंदाला चहा टाकायला सांगितला.

दुरुस्ती टाकली, पण तिला कुणी फारसं विचारलं नाही. ज्या प्रतिक्रिया आल्या त्या वैतागलेल्या. पहिलंच बरं होतं, त्यात भावना होती, असं कुणी लिहिलं. कुणी लिहिलं की असल्या पोरींमुळं संसार मोडतात. प्रितमचं बॅनर छापून आलं होतं, त्यावर ‘नवऱ्याचा जुना शर्ट’ हीच ओळ लाल अक्षरात मोठी केलेली. तो दोन दिवस ज्योत्स्नाशी बोलला नाही. मुंबईहून त्या गोड आवाजाच्या मुलीचा पुन्हा फोन आला. व्रण राहिला तरी चालेल, ती म्हणाली, पण नवऱ्याची ओळ तेवढी ठेवा, सगळा जीव त्या ओळीत आहे.

“ती ओळ खोटी आहे,” ज्योत्स्ना म्हणाली.

“हो, पण लोकांना ती भिडते.”

“मग तुम्हीच ठेवा. चित्र मिळणार नाही.” या वेळी ते म्हणायला तिला काहीच जड गेलं नाही. नंतर तिकडून फोन आला नाही.

रविवारी रामकिसन आला नाही. आला असता तरी कुणी भेटलं नसतं, कारण मालनबाई सांगितल्याप्रमाणे वेचणीला गेली होती, आणि या खेपेला ज्योत्स्ना कागद-पेन्सिल घेऊन तिच्याबरोबर टेम्पोत बसली होती. आदल्या दिवशी ती सरांच्या घरीही जाऊन आली होती. आतेबहिणीचं, आईचं चित्र काढीन, पण वेचणीचंही काढीन, असं तिनं सांगितलं. सर हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. “विचारून काढ,” एवढंच म्हणाले.

विचारून काढणं किती कठीण आहे हे तिला शेतात कळलं. चांगुणाबाई म्हणाली, माझं काढ, पण रुमाल नको, केस दिसू दे, परवाच काळे केलेत. दुसरीला हातात घड्याळ पाहिजे होतं, जे घरी पेटीत होतं. एका पोरसवद्या सुनेनं सांगितलं की चेहरा काढू नका, सासरचे रागावतील, फक्त शर्ट काढा, शर्ट माझा आवडता आहे. तो कोणाचा म्हणून ज्योत्स्नानं विचारलं. ती लाजून म्हणाली, नवऱ्याचाच आहे, पण तसं लिहू नका. मालनबाईला आता पाय त्याहून लांब पाहिजे होते.

दुपारपर्यंत ज्योत्स्नाचे चार कागद वाया गेले. एकही बाई दोन मिनिटं एका जागी उभी राहत नव्हती. ओळीच्या ओळी पुढं सरकत होत्या आणि ती कागद घेऊन मागं मागं, ढेकळांत ठेचकाळत. कपाळावरचा घाम कागदावर पडून रेघा फिसकटल्या.

“चांगुणामावशी, जरा थांबा ना हो!” ती शेवटी ओरडलीच.

“तू चाल ना जल्दी,” चांगुणाबाई वळून न बघता म्हणाली. “आमाला ह्यो तुकडा आजच उरकायचा हाये.”

ज्योत्स्नानं पाचवा कागद काढला, आपल्या अंगातल्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या आणि चालता चालता रेघ मारायला सुरुवात केली.